रिकाम्या पुंगळीला मेण कशाला चोळतात?

काडतूस आणि चरबी हे दोन शब्द शेजारी आले की आपलं मन थेट १८५७ मध्ये जातं. बराकपूर, मंगल पांडे, दातानं फोडायचं काडतूस. शाळेत इतकं पक्कं डोक्यात बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. पण हल्ली ही जोडी वेगळ्याच जागी भेटते.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, नोकरी मध्य रेल्वेत, सराव पुण्याच्या बालेवाडीत. त्यानंतर नेमबाजीचे व्हिडिओ बघणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसतं. अमेरिकेतला एखादा गृहस्थ गॅरेजमध्ये बसून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी उचलतो, बोटानं मेणासारखं काहीतरी तिच्यावर चोळतो, एका दाबयंत्रात घालतो आणि दांडा खाली ओढतो. करकर असा आवाज येतो आणि पुंगळी बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, हे काय चाललंय? रिकामी पुंगळी, तिला मेण, आणि दाबायचं कशासाठी?

माझी सगळी नोकरी भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये गेली, सपाट पत्र्यातून वाट्या आणि टोप्या ओढून काढण्यात. त्यामुळे बंदुकीतलं मला बेताचंच कळतं, पितळेतलं बऱ्यापैकी. आणि हा प्रश्न तसा पितळेचाच आहे.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू

आपण बोलताना सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. प्रत्यक्षात काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे टोकाला गोळी, म्हणजे जी उडून जाते ती. आत दारू, जी जळते. बुडाशी मध्यभागी प्रायमर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी टोपी. आणि या तिघांना धरून ठेवणारं पितळी भांडं, ती पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, प्रायमर खर्ची पडतो. उरते फक्त पुंगळी, आणि चौघांत महागडी साधारणपणे तीच. नवी गोळी, नवी दारू, नवा प्रायमर घालून तीच पुंगळी परत वापरायची, याला रीलोडिंग म्हणतात.

रायफलची पुंगळी बहुधा बाटलीच्या घाटाची असते. खाली जाड बूड, वर धड, मग उतरता खांदा आणि शेवटी गोळीला धरणारी अरुंद मान. हे चार भाग लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघणार आहे.

चाप ओढल्यावर पितळ काय करतं

पुंगळी बंदुकीच्या ज्या खोबणीत बसते तिला चेंबर म्हणतात. पुंगळी आत सहज सरकावी म्हणून दोघांत किंचित फट ठेवलेली असते. दारू पेटली की आतला दाब भयंकर वाढतो. १९५२ मध्ये बाजारात आलेलं .३०८ विंचेस्टर हे काडतूस घ्या. त्याला मान्य असलेला कमाल दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या चार हजारपटींहून जास्त. हा दाब टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि मागून वायू निसटायची वाट बंद करतं. असं झालं नाही तर तो तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येईल.

गोळी बाहेर पडली की दाब ओसरतो आणि पितळ थोडं आकसतं. ते आकसतं म्हणूनच पुंगळी बाहेर ओढता येते. पुंगळीसाठी पितळ घेण्यामागचं मुख्य कारण हेच. यातलं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं आणि त्याचं नावच मुळी काडतुसाचं पितळ असं पडलंय. पोलादाच्या तुलनेत पितळ अंदाजे निम्मंच ताठ. त्यामुळे ते जास्त ताणलं जाऊनही मागे येतं. पोलादी पुंगळ्याही बनतात, स्वस्त असतात, पण त्या इतक्या मोकळेपणानं मागे येत नाहीत आणि पुन्हा भरण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

मागे येतं, पण पूर्ण येत नाही

खरी गोम इथे आहे. कुठलाही धातू एका मर्यादेपर्यंत ताणला तर सुटल्यावर पूर्ववत होतो. मर्यादा ओलांडली की थोडा वाढीव आकार कायमचा राहतो. पुंगळी ही मर्यादा ओलांडते. म्हणून झाडलेली पुंगळी नव्या पुंगळीपेक्षा किंचित जाड होते, तिची मान रुंदावते आणि खांदा थोडा पुढे सरकतो. अशा मानेत नवी गोळी ठेवली तर ती सैल बसेल. आणि ही पुंगळी दुसऱ्या रायफलीत घालायला गेलात तर बहुतेक वेळा अडेलच, कारण ती आता पहिल्या रायफलीच्या चेंबरच्या मापाची झाली आहे.

म्हणून तिला मापात आणावं लागतं. कडक पोलादाचा एक साचा असतो, आमच्या भाषेत डाय. आतून त्याला पुंगळीचाच आकार, पण झाडलेल्या पुंगळीपेक्षा लहान. दाबयंत्राच्या जोरावर पुंगळी त्यात घुसवायची आणि ओढून काढायची. मग साचा नेमका हव्या त्या मापाचा करायचा का? नाही, त्याहून किंचित लहान. कारण दाबलेलं पितळही सुटल्यावर थोडं फुलतं. प्रेस शॉपमध्ये याला स्प्रिंगबॅक म्हणतात आणि नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात जो ओरडा बसतो तो याचाच असतो.

किती दाबायचं हा अनुभवी माणसांच्या वादाचा विषय. काही जण फक्त मान आवळतात, बाकी धड तसंच ठेवतात, कारण काडतूस त्याच रायफलीत परत जायचं असतं. काही जण पुंगळी पूर्ण दाबतात. हातानं बोल्ट (चेंबर मागून बंद करणारी खिट्टी) सरकवायच्या रायफलीत पूर्ण दाबतानाही खांदा साधारण इंचाच्या दोन हजारांश भागानं, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर, मागे ढकलला की बहुतेकांचं काम होतं. याहून फार जास्त ढकलण्याचे परिणाम वाईट. त्यावर पुढे येतो.

वंगण नसेल तर काय होईल

लग्नाच्या आदल्या दिवशी कासार बांगड्या भरायला येतो तेव्हाचं आठवा. पंजा बांगडीपेक्षा मोठा असतो, तरी बांगडी जाते. हात जरा कडक असेल तर कासार साबणाचा फेस लावतो. बांगडी मोठी होत नाही, हातही लहान होत नाही. हात मुडपतो, आणि मुडपताना कातडी काचेला धरून बसत नाही. साच्यातल्या पुंगळीचं तसंच. फरक इतकाच की बांगडी फुटते आणि साचा फुटत नाही. साचा पुंगळीला धरून ठेवतो.

कोरडं पितळ पोलादावर प्रचंड दाबानं घासलं तर त्याचे बारीक कण पोलादाला चिकटतात. पुढचं पितळ त्या कणांवर खरवडलं जातं, आणखी कण चिकटतात, आणि क्षणात पुंगळी अडकते. दांडा वर ओढला की दाबयंत्राच्या पकडीत असलेला बुडाचा काठ फाटून हातात येतो आणि पुंगळी साच्यातच राहते. मग बुडाला भोक पाडा, त्यात आटे कापा, बोल्ट फिरवा आणि ओढून काढा. या एकाच कामासाठी अमेरिकेतल्या दुकानांत वेगळा संच विकायला असतो. त्यावरूनच हा अपघात किती जणांच्या वाट्याला येत असेल ते कळावं.

पिस्तुलाच्या सरळ, नळकांड्यासारख्या पुंगळ्यांना मात्र टंगस्टन कार्बाइडची कडी असलेला साचा मिळतो. कार्बाइड इतकं कठीण आणि गुळगुळीत की पितळ त्याला चिकटत नाही, त्यामुळे वंगणाशिवाय भागतं. बाटलीच्या घाटाच्या पुंगळीला ही सवलत नाही. तिथे धड, खांदा, मान सगळंच एका वेळी दाबलं जातं आणि घर्षणाचा पृष्ठभागही मोठा.

शिलाई मशीनचं तेल चालेल का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. घरात तेलाची बाटली असताना मेण विकत का घ्यायचं?

पातळ खनिज तेलाचा थर दोन पृष्ठभागांमध्ये तरंगत राहतो तोपर्यंत उत्तम. चाकाच्या बेअरिंगमध्ये गती असते, त्यामुळे तेल सतत आत ओढलं जातं. साच्यात गती जवळजवळ नाही आणि दाब अवाढव्य. तिथे पातळ तेल बाजूला पिळून निघतं आणि धातू धातूला भिडतो. अशा जागी धातूला स्वतःहून चिकटून राहणारं वंगण लागतं. चरबी, मेण आणि साबण यांच्या रेणूंचं एक टोक धातूच्या पृष्ठभागाला धरून बसतं, म्हणून त्यांचा अगदी पातळ थरसुद्धा दाबाखाली टिकतो. तारा ओढणारे कारखाने साबणाची पूड वापरतात ती याचसाठी. आमच्याकडे वाट्या ओढताना पत्र्याला साबणाचं पाणी फासायचो.

पुंगळीसाठी सगळ्यांत नावाजलेला पदार्थ म्हणजे लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतून निघणारा मेणचट स्निग्धांश. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून फवारतात. अल्कोहोल उडून जातं आणि धातूवर पातळ थर राहतो. थांबायचं मात्र असतं. अल्कोहोल उडायच्या आधीच घाई केली की पुंगळी अडकते. दुसरा पर्याय डबीतलं घट्ट मेण, व्हिडिओतला गृहस्थ बोटानं लावतो ते.

जास्त लावलं तर आणखी चांगलं?

अजिबात नाही. वंगण द्रव असो की मेण, ते दाबलं म्हणून आक्रसत नाही. साच्याच्या खांद्याशी जास्तीचं वंगण साठलं, त्याला निसटायला जागा नसली, की ते पितळालाच आत ढकलतं आणि खांद्यावर खळगे पडतात. बऱ्याच साच्यांना म्हणूनच खांद्याजवळ बारीक छिद्र ठेवलेलं असतं. धडाला पातळ थर, खांद्याला जवळजवळ काहीच नाही, अशी साधारण रीत. छोटा खळगा पुढच्या वेळी झाडताना आतल्या दाबानं सपाट होऊन जातो, त्यामुळे तो दिसायला वाईट असला तरी सहसा घात करत नाही.

मानेच्या आतलं प्रकरण निराळं. साच्यात मान आधी गरजेपेक्षा जास्त आवळली जाते आणि बाहेर येताना एक पोलादी गोळा आतून फिरून तिला नेमक्या मापावर आणतो. तिथे कोरडं वंगण वापरतात, ग्राफाइट किंवा अभ्रकाची पूड. ओलसर काही तिथे राहिलं तर ते दारूला लागण्याची भीती.

मग पुसायचं कशाला?

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि लोक नेमका हाच विसरतात. हे वंगण साच्यासाठी आहे, बंदुकीसाठी नाही. मापात आल्यावर पुंगळी पुसून किंवा धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते.

कारण वर आलेलंच. गोळी सुटताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि त्या घर्षणामुळे मागे जाणाऱ्या जोराचा काही भाग भिंत झेलते. उरलेला जोर बोल्टवर, म्हणजे मागच्या खिट्टीवर पडतो. पुंगळी तेलकट असेल तर ती भिंतीला धरत नाही आणि जास्त भार बोल्टवर जातो. चांगल्या रायफलीचा बोल्ट तो सोसेलही, पण रोज तिथे भार वाढवून ठेवायचं कारण काय? शिवाय वंगण प्रायमरपर्यंत झिरपलं तर ठोका बसूनही ठिणगी न पडण्याची शक्यता असते.

जाणकार इथे हटकतील, की जुन्या काही मशीनगनमध्ये तर काडतुसाला मुद्दाम तेल लावत. बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या ब्रेडा ३० मध्ये तेलाची टाकीच बसवलेली होती. तिची रचना अशी की दाब पुरता ओसरायच्या आत पुंगळी ओढली जायची, आणि कोरडी पुंगळी भिंतीला चिकटलेली असताना ओढली तर फाटायची. तेल हा त्या रचनेतल्या उणिवेवरचा उतारा होता. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याच तेलाला धूळ चिकटून बंदुका अडायच्या.

आणि १८५७ ची चरबी? ती यातली नव्हेच. तेव्हाच्या एनफिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं, पुंगळी नव्हतीच. चरबी गोळीच्या बाजूच्या कागदाला असे, म्हणजे गोळी नळीच्या तोंडातून खाली ठोकताना नीट सरकावी आणि आतली काजळी मऊ राहावी. ती नळीसाठी होती आणि गोळीबरोबर नळीतच जायची.

एक पुंगळी किती वेळा?

याला एकच आकडा नाही. दाब किती, पितळ कसलं, प्रत्येक वेळी किती दाबलं, यावर सगळं ठरतं. पण पितळ दर फेरीला थकतं हे नक्की. फुगणं, दाबणं, पुन्हा फुगणं, यातून धातू कडक होत जातो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे कानांनी ऐकता येतं. तांब्याच्या भांड्यावर ठोके देऊन जे माठारकाम करतात त्यानं नुसती नक्षी उमटत नाही, भांडं ताठ होतं. आणि ठोकून ठोकून तांबं हटवादी झालं की तांबट ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो. पुंगळीच्या मानेलाही काही फेऱ्यांनंतर असंच तापवावं लागतं, नाहीतर ती तडकते. पण फक्त मान आणि खांदा. बूड मऊ झालं तर ते दाब सोसणार नाही, आणि मग जे होईल ते नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होईल.

दुसरं दुखणं बुडाच्या जरा वर. साच्यात खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलला की पुढच्या वेळी झाडताना पुंगळी लांबीला ताणली जाते आणि बुडाजवळची भिंत पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसू लागतं. काही फेऱ्यांत पुंगळीचे दोन तुकडे होतात. दिसलं की ती भंगारात, यात घासाघीस नाही. म्हणजे वंगण कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकते आणि नुकसान पैशाचं होतं. दाबण्याचा हिशोब चुकला तर धोका जिवाचा.

पितळेची एक जुनी व्यथा तर थेट आपल्याकडची. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यामध्ये साठवलेली काडतुसं आपोआप तडकत. काही केल्या कारण सापडेना. दारूगोळा घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेला असे आणि जनावरांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळावर जाई. तयार करताना दाबलेल्या पितळात ताण शिल्लक असतो आणि तो सोडवायला अमोनिया निमित्त ठरतो. याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. आजही पितळ साफ करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नये असं सांगतात ते यासाठीच.

एवढा खटाटोप करतात कशाला?

पैसे वाचतात असं प्रत्येक जण म्हणतो. खरं सांगायचं तर वाचलेल्या पैशांत ते जास्त गोळ्या झाडतात. खरं आकर्षण अचूकतेचं. दूर अंतराच्या स्पर्धेत प्रत्येक पुंगळीची मान गोळीला सारख्याच जोरानं धरते की नाही यानं फरक पडतो, आणि कारखान्यातून लाखांनी निघणाऱ्या काडतुसांत ती सारखेपणाची हमी सहसा मिळत नाही.

सगळ्याच पुंगळ्या याला चालतात असंही नाही. वुलिचच्या एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतीत प्रायमरखाली मधोमध एकच छिद्र असतं, त्यातून टाचणी घालून जुना प्रायमर ढकलता येतो. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या पद्धतीत बहुधा दोन छिद्रं बाजूला असतात, तिथे टाचणी निरुपयोगी. गंमत अशी की अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच सैन्यांनी अमेरिकनाची.

मग बालेवाडीतली मुलं हे करतात का?

नाही. एअर रायफलीत काडतूसच नसतं, नुसता शिशाचा छर्रा. ५० मीटरला वापरतात ते .२२ चं काडतूस, आणि त्यात प्रायमरचा मसाला बुडाच्या पोकळ काठात भरलेला असतो. ठोका काठावरच बसतो आणि काठ चेपतो. त्यामुळे ती पुंगळी एकदाच कामाची.

आणि करायचं म्हटलं तरी आपल्याकडे ते घरगुती छंद म्हणून करता येत नाही. पुण्यात काडतुसं बनवण्याची परंपरा जुनी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि २०२१ मध्ये आयुध कारखान्यांची फेररचना झाल्यावर म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचं मुख्यालयही पुण्यातच आलं. पण शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग येतात आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे व्हिडिओतला साचा आवडला म्हणून परदेशातून मागवायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. आणि रेंजवरून आठवण म्हणून उचललेली रिकामी पुंगळी प्रवासाच्या बॅगेत असेल तर लोहगावच्या विमानतळाकडे निघण्याआधी ती काढून घरी ठेवा.